सांगण्याची किंमत

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा साधारणतः ठरलेली असते. एखादा किल्ला, एखादा तह, फार तर वऱ्हाडातील एखाद्या घराण्याची हकीकत. वणीला अशा विषयांची वानवा नाही. इंग्रजी अमलात आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ सालापर्यंत याच गावाच्या नावाने ओळखला जाई, आणि लोकनायक बापूजी अणे यांचा जन्मही इथलाच. ही सारी सामग्री हाताशी असताना ती बाजूस ठेवून आम्ही आज एका रोगाचा, आणि त्या रोगाविषयी राखलेल्या मौनाचा इतिहास सांगावयास उभे आहोत. समोर वडीलधारी मंडळी आहेत, माताभगिनी आहेत, महाविद्यालयातील मुले आहेत. विषय सर्वांसमक्ष बोलण्याजोगा आहे काय, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

प्रश्न असा आहे. ज्या पुरुषाला पुरुषाविषयीच ओढ वाटते, किंवा स्त्री आणि पुरुष दोहोंविषयी वाटते, अशा पुरुषाच्या रक्तात एच.आय.व्ही. हा विषाणू सापडला, तर ती गोष्ट तो कोणास सांगतो? जोडीदारास, पत्नीस, डॉक्टरास, की कोणासच नाही? आणि न सांगण्याने दुसऱ्याच्या जिवाला जो धोका उत्पन्न होतो त्याचे माप कोणाच्या पदरात घालावयाचे? चारचौघांत याचा निवाडा झटपट होतो. ज्याने लपविले तो दोषी, खटला निकालात! परंतु इतिहास पाहू गेल्यास हा निवाडा अपुरा वाटू लागतो. मनुष्य काही सांगतो ते हवेत सांगत नाही. आपल्या आधी ज्याने सांगितले त्याचे पुढे काय झाले, हे पाहून तो तोंड उघडावयाचे की नाही ते ठरवितो. म्हणून सांगणाऱ्यांचे आमच्याकडे काय झाले, हेच आज मुख्यतः पाहावयाचे आहे.

आमच्या भाषेकडेच पाहा ना. एखाद्यास मधुमेह असला तर आम्ही म्हणतो, ‘त्याने मधुमेह असल्याचे सांगितले.’ एच.आय.व्ही. असला तर म्हणतो, ‘त्याने कबूल केले.’ कबुली चोर देतो. रोग्याला कबुली द्यावयास लावणारी भाषा आम्ही कोठून आणली?

ती फार लांबून आणलेली नाही. वर्धा नदी ओलांडली की वरोरा. तेथे १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीचे काम उभारले आणि त्यातून आनंदवन वसले. त्याच्याही आधी, १९३६ साली, मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्यानजीक दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली होती. ही माणसे थोर होती हे आम्ही नेहमी म्हणतो. परंतु त्यांच्यापाशी रोगी कोणत्या अवस्थेत येत, हे फारसे बोलत नाही. अंगावर पहिला चट्टा उठला की तो सदऱ्याच्या बाहीखाली झाकावयाचा, बधिर झालेला हात घरच्यांपासून लपवावयाचा, मुलीचे लग्न होऊन जाईपर्यंत वेळ मारून न्यावयाची, आणि बोटे झडल्यावर, आता झाकणे अशक्य झाले म्हणजे घर सोडावयाचे. औषध लवकर मिळाले तर बोटे वाचतात हे पुढे सर्वांस कळले, तरी चट्टा दाखविणारा गाव गमावतो हेही सर्वांस ठाऊक होते. निराधार कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहू नये अशी दुरुस्ती व्हावयास २०१९ साल उजाडावे लागले. ज्या मुलखाने हे पाहिले, त्याला न सांगण्याचे गणित समजावून द्यावयास नको.

समलिंगी पुरुषांच्या बाबतीत मात्र या गणितात आणखी एक आकडा मिळतो. त्याला एक नव्हे, दोन गोष्टी सांगाव्या लागतात. ‘मला लागण झाली’ म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेलाच, ‘कोणापासून?’ रोग सांगावयाचा तर आपले प्रेमही सांगावे लागते, आणि प्रेम झाकावयाचे तर रोग झाकणे भाग पडते. या दुहेरी कुलपाची घडण समजल्यावाचून पुढचा इतिहास समजणार नाही.

महाराष्ट्रात या विषयाला वाचाच नव्हती असे मात्र नाही. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७ पासून १९५३ सालापर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत, चालले. त्यात वाचकांच्या शंकांना उत्तरे देण्याचे सदर असे. लोक जे वैद्यापुढे बोलत नसत ते कर्व्यांना पत्राने विचारीत, आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तर देत. समलिंगी आकर्षणाविषयीचे प्रश्नही त्यांत होते. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. खटल्यात कर्वे हरले, त्यांना दंड झाला. बाबासाहेबांनी हा खटला का घेतला असेल याचा आम्ही अनेकदा विचार करतो. त्यांच्यापाशी कामाची उणीव नव्हती, आणि या खटल्याने लोकप्रियता वाढणार नव्हती हे तर उघडच होते. पण मनात प्रश्न असलेल्या मनुष्याला तो विचारण्याची व उत्तर मिळविण्याची सोय असली पाहिजे, हे तत्त्व त्यांस दंडाच्या रकमेहून मोठे वाटले असावे. एवढे खरे की त्यानंतर दीर्घकाळ हा प्रश्न विचारावयास मराठी माणसाला दुसरे कर्वे मिळाले नाहीत.

आता रोगाकडे वळू. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात एक लहानसा वृत्तांत आला. लॉस एंजेलिस येथील पाच तरुण समलिंगी पुरुषांना एक विरळा न्यूमोनिया झाला होता. एड्स या रोगाची कागदावरची ही पहिली नोंद. विषाणू सापडला १९८३ साली, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत, आणि त्याबद्दल फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू माणसाची आवडनिवड पाहत नाही. आफ्रिकेत तो मुख्यतः स्त्रीपुरुषसंबंधातून पसरला. पण पहिली नोंद समलिंगी पुरुषांची झाली, आणि तो शिक्का पुसला गेला नाही.

त्याच १९८३ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील डेन्व्हर शहरी एक घटना घडली, तिच्याकडे आम्ही आपले लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. एड्सने आजारी असलेले काही पुरुष, बहुतेक समलिंगी, एका परिषदेस जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा सिद्ध केला. आम्हांस ‘बळी’ म्हणू नका, आमच्या उपचाराच्या निर्णयांत आम्हांस सामील करून घ्या, आमची गुप्तता राखा, अशा मागण्या त्यात होत्या. पण त्याच कागदावर त्यांनी आपल्या बांधवांचे कर्तव्यही लिहून ठेवले होते, ते असे की ज्याच्याशी आपला संबंध येणार त्या जोडीदारास आपल्या प्रकृतीची खरी स्थिती सांगावी. तेव्हा औषध नव्हते, विषाणूची चाचणीसुद्धा नव्हती, आणि जमलेल्यांपैकी बहुतेकांच्या पुढे थोडे महिने किंवा थोडी वर्षे उरली होती. जोडीदारास सांगण्याचे कर्तव्य प्रथम कोणी शासनाने लादले नाही, ते रोग्यांनी आपण होऊन पत्करले. मात्र कर्तव्य आणि गुप्ततेचा हक्क ही दोन्ही कलमे त्यांनी एकाच कागदावर, शेजारी शेजारी लिहिली. पुढच्या राज्यकर्त्यांनी यातले एक कलम उचलले आणि दुसरे विसरले.

भारतात १९८६ साली मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीत प्रथम लागण आढळली. ती वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्तात. त्यामुळे आमच्याकडे शिक्का निराळ्या ठिकाणी बसला. भिंतीवरच्या जाहिरातींत बाई दाखविली जाई, ट्रकचालकाला ताकीद दिली जाई. वणीसारख्या कोळशाच्या गावाने, जेथे ट्रकांची रीघ रात्रंदिवस लागलेली असते, त्या जाहिराती पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांचा एक विपरीत परिणाम कोणाच्या ध्यानी आला नाही. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या कित्येक पुरुषांनी त्यांचा सरळ अर्थ असा घेतला की धोका बाईपासून आहे, तेव्हा आपण सुरक्षित आहोत! जाहिरातीने ज्यांचे नावच घेतले नाही, त्यांनी निरोध का वापरावा?

आणि मग १९८९ साल उजाडले. स्थळ गोवा. बार्देशातील पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण नोकरी करीत होता आणि नेमाने रक्तदान करीत असे. त्याने दिलेल्या रक्तात विषाणू आढळला. ही गोष्ट त्याला कोणी समजावून सांगितली नाही. फेब्रुवारी महिन्यात पोलिसांनी त्याला म्हापशाच्या ठाण्यावर बोलाविले, तेथून रुग्णालयात नेले आणि नंतर क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या एका जुन्या इमारतीत एकटे कोंडले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा रोग्यास अलग ठेवण्याचे कलम होते. त्याचा गुन्हा विचाराल तर त्याने परोपकारार्थ रक्त दिले, एवढाच. ६४ दिवस तो त्या इमारतीत होता. त्याची आई ल्युसी डिसोझा हिने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली, आणि आनंद ग्रोव्हर यांनी तिची बाजू मांडली. अंतरिम आदेशाने डॉमिनिक सुटला. खटला चालू असतानाच कायद्यातील ‘अलग ठेवावे’ ही सक्ती बदलून ‘अलग ठेवता येईल’ असे करण्यात आले, पण डिसेंबर १९८९ च्या निकालात न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. व्यक्तीचा हक्क आणि लोकांचे हित यांत विरोध आला तर लोकहिताचे पारडे जड धरावे लागेल, असा त्या निकालाचा आशय होता.

डॉमिनिक समलिंगी होता, हे पुढे सर्वांस कळले. तो खचला नाही. लागण झालेल्यांना आधार देण्यासाठी त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि मे १९९२ मध्ये तो वारला. ती संस्था पुढे चालली. त्याच्या चरित्रावरून स्फूर्ती घेऊन २००५ साली एक हिंदी चित्रपट निघाला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल.

न्यायालयाने ज्याला लोकहित म्हटले त्याचा हिशेब मांडून पाहू. एका तरुणाला कोंडल्याने गोव्यात किती लोकांची लागण टळली? त्याच्या रक्ताच्या पिशव्या बाजूस काढल्या की रक्तातून होणारा धोका संपलाच होता. उलट चाचणी केली तर पोलीस येतात, ही वार्ता मात्र कोकणापासून मुंबईपर्यंत पोहोचली. ज्याला शंका होती त्याने चाचणीकडे पाठ फिरविली. ज्याला स्वतःलाच माहीत नाही तो दुसऱ्यास काय सांगणार? आमच्या मते या देशात सांगण्याचे दार पहिल्यांदा बंद झाले ते म्हापशाच्या ठाण्यावर.

दुसरे दार १८६२ पासून बंदच होते. भारतीय दंड संहितेचे ३७७ वे कलम त्या वर्षी अमलात आले आणि पुरुषापुरुषांतील संबंध हा जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा झाला. खटले थोडे झाले, धाक मोठा राहिला. या धाकातही काही माणसे कामाला लागली. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० साली मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक आणि १९९४ साली सहकाऱ्यांसह ‘हमसफर ट्रस्ट’ ही संस्था काढली. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि मराठीतून, साध्या भाषेत, या विषयावर पुस्तके लिहिली. आमच्या विदर्भात नागपूरची ‘सारथी ट्रस्ट’ उभी राहिली. या संस्थांचे कार्यकर्ते रात्री बागांतून, रेल्वे स्थानकांच्या आसपास हिंडून निरोध वाटीत आणि चाचणीस बरोबर येण्याची तयारी दाखवीत. हे काम किती जोखमीचे होते ते जुलै २००१ मध्ये लखनौला दिसले. असेच काम करणाऱ्या एका संस्थेच्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी याच कलमाखाली धरले आणि ते ४७ दिवस तुरुंगात राहिले.

यातला विनोद असा की हे काम सरकारलाच हवे होते. दिल्ली उच्च न्यायालयात ३७७ व्या कलमाविरुद्धचा खटला चालू असता राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००६ साली प्रतिज्ञापत्र दिले की या कलमामुळे ही माणसे दडून राहतात आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणे कठीण होते. त्याच खटल्यात गृहखात्याचे म्हणणे कलम ठेवावे असे होते. एका सरकारची दोन तोंडे एकाच न्यायालयात दोन दिशांनी बोलली! २ जुलै २००९ रोजी त्या न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम निष्प्रभ केले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणले आणि ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने ते पुन्हा दूर केले. साडेचार वर्षे जी माणसे कायदेशीर होती ती पुढे जवळजवळ पाच वर्षे गुन्हेगार ठरली. अशा झोक्यावर बसलेल्या मनुष्याने कोणापाशी मन मोकळे करावे?

नोकरी आणि लग्न, या दोन ठिकाणी सांगण्याचा प्रश्न न्यायालयांपुढे स्वतंत्रपणे आला. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली एका मजुराचा खटला निकालात काढला. एका सार्वजनिक महामंडळाने, लागण आहे एवढ्यावरून, त्याचे काम बंद केले होते. प्रकृती काम करण्याजोगी असताना असे करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. पण आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. न्यायालयाने त्या मजुराला नाव झाकून दाद मागण्याची परवानगी दिली. कागदोपत्री तो केवळ ‘एम.एक्स.’ आहे. न्याय मागण्यासाठी आधी गावभर बोभाटा करून घेण्याची गरज नाही, हे या दोन अक्षरांनी प्रस्थापित केले.

सर्वोच्च न्यायालयापुढे १९९८ साली आलेले प्रकरण अधिक अवघड होते. एका डॉक्टरची लागण रुग्णालयाने उघड केली, त्यामुळे त्याचे ठरलेले लग्न मोडले, आणि त्याने गुप्ततेच्या भंगाबद्दल भरपाई मागितली. न्यायालयाने ती नाकारली. नियोजित वधूच्या जिवाचा हक्क त्याच्या गुप्ततेहून वरचढ आहे, असे ते म्हणाले, आणि आम्हांस ते पटते. परंतु त्याच ओघात, अशा मनुष्याचा विवाहाचा हक्कच स्थगित होतो असेही लिहिले गेले. जोडीदाराने सर्व जाणून संमती दिली तरी? २००२ साली न्यायालयाने ही जास्तीची विधाने मागे घेतली. मधल्या चार वर्षांत ‘सांगून लग्न करावे’ असा सल्ला देणाऱ्या समुपदेशकाची काय पंचाईत झाली असेल, ती कल्पनेनेच जाणावी.

आतापर्यंत आम्ही सांगण्याचा पक्ष घेतला. आता त्याची मर्यादाही मांडली पाहिजे, कारण सांगितले की धोका टळला, असा समज झाला तर तो घातक ठरेल. विषाणू शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात, आणि नेमक्या त्याच काळात रक्तातील विषाणूंची संख्या अतोनात वाढलेली असते. म्हणजे सर्वांत धोक्याचा मनुष्य तो, जो खरेपणाने म्हणतो, ‘मला काही नाही, चाचणी केली आहे.’ आपण कापसाच्या बाजारातली माणसे आहोत. कालच्या भावाने आज सौदा करीत नाही. सहा महिन्यांपूर्वीच्या चाचणीचे उत्तरही तसेच शिळे असते. तरी पुष्कळ पुरुष एकमेकांना विचारतातही नाहीत. चेहऱ्यावरून, कपड्यांवरून, शिक्षणावरून अंदाज बांधतात आणि त्या अंदाजावर निरोध बाजूस ठेवतात.

याविषयी अमेरिकेतील कृष्णवर्णी समलिंगी व उभयलैंगिक पुरुषांचे उदाहरण फार बोलके आहे. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०१६ साली अनुमान काढले की लागणीची गती तशीच राहिली तर अशा दर दोघांपैकी एकास आयुष्यात केव्हातरी लागण होईल. ऐकणाऱ्याने लगेच म्हणावे की ही माणसे बेफिकीर असली पाहिजेत. पण ग्रेगोरिओ मिलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली उपलब्ध संशोधन एकत्र तपासले, तेव्हा गोऱ्या समलिंगी पुरुषांपेक्षा यांचे वर्तन अधिक जोखमीचे आहे असे आढळेना. फरक दुसरीकडे होता. दवाखाना दूर, विमा नाही, चाचणी उशिरा, औषध त्याहून उशिरा, इतर गुप्तरोग न तपासलेले, आणि जोडीदार त्याच लहानशा वर्तुळातले. म्हणजे तेच वर्तन, पण त्याची किंमत दुप्पट. याच समाजातील मायकेल जॉन्सन नावाच्या विद्यार्थ्याला मिसूरी राज्यात २०१५ साली, जोडीदारांना लागण न सांगितल्याच्या आरोपावरून, ३० वर्षांची शिक्षा झाली. आपण सांगितले होते, असे त्याचे म्हणणे होते. बंद खोलीत कोणी काय सांगितले याचा पुरावा कोण आणणार? २०१६ साली वरिष्ठ न्यायालयाने खटला सदोष ठरविला, २०१९ मध्ये तो सुटला, आणि २०२१ साली त्या राज्याने कायदाही सौम्य केला. दरम्यान शहाण्या वकिलांनी आपल्या अशिलांना काय सल्ला दिला असेल? चाचणीच करू नका, म्हणजे माहीत होते असा आरोप येणार नाही!

या कथेला वळण दिले ते औषधाने. १९९६ साली तीन औषधे एकत्र देण्याची रीत सिद्ध झाली, पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला देण्याची तयारी दाखविली आणि जगभरचे भाव कोसळले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ती मोफत देण्यास आरंभ केला. मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे पहिल्या केंद्रांपैकी एक.

औषध रोग्याला वाचविते हे कळले होते. ते दुसऱ्यालाही वाचविते हे कळावयास आणखी काही वर्षे लागली. २०११ साली नऊ देशांतील एका अभ्यासाने, ज्यात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थाही सामील होती, दाखविले की वेळीच औषध सुरू केल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. ती जोडपी बहुतेक स्त्रीपुरुषांची होती. समलिंगी जोडप्यांविषयीचे उत्तर २०१९ साली युरोपातून आले. ७८२ जोडपी, प्रत्येकात एकास लागण असून औषधाने विषाणू चाचणीत दिसेनासा झालेला, निरोधाविना आलेले संबंध शहात्तर हजारांवर, आणि जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. अभ्यासाच्या काळात पंधरा जणांना लागण झाली, पण विषाणूची तपासणी करता ती बाहेरच्या कोणाकडून आलेली निघाली. या पंधरांवर आम्ही क्षणभर थांबू इच्छितो. ज्याने सांगितले होते आणि जो औषध घेत होता, त्याच्यापासून कोणालाही काही झाले नाही. लागण आली ती घराबाहेरून, जेथे प्रश्नोत्तरांची अशी सोय नव्हती.

त्यायोगे सांगण्याचा अर्थच पालटला आहे. पूर्वी ‘मला लागण आहे’ या वाक्याला पुढे काही नव्हते. आता त्याला जोड देता येते, ‘औषध चालू आहे, विषाणू दबलेला आहे.’ पहिल्या वाक्याने खोली रिकामी होत असे, दुसऱ्याने संभाषण सुरू होऊ शकते. मात्र ते दुसरे वाक्य बोलण्याचा अधिकार मिळवावयाचा तर आधी चाचणी, मग दररोजची गोळी, आणि ठराविक काळाने विषाणूंची मोजणी, इतके सर्व घडावे लागते. गोळी चुकविणाऱ्याला ते वाक्य लागू नाही. लागण नसलेल्यांनी आधीच घ्यावयाची प्रतिबंधक गोळीही आता आहे. अमेरिकेत ती २०१२ साली मान्य झाली, आपल्याकडे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२२ साली आल्या. लहान गावांतून तिचे नावही अद्याप फारसे कोणास ठाऊक नाही.

आता शेवटी घरात येऊ. आमच्या भागात समलिंगी ओढ असलेल्या मुलाचेही लग्न होतेच. आईवडील वय पाहतात, शेती पाहतात, मुलगी पाहतात. मुलगा मान खाली घालतो, कारण नाही म्हणावयाचे तर कारण द्यावे लागेल. आणि मग ज्या स्त्रीला यांतले काहीही ठाऊक नाही ती या कथेत प्रवेश करते. पुष्कळदा लागण प्रथम तिचीच उघड होते, कारण गरोदरपणी तिची चाचणी होते आणि त्याची होत नाही. मग घरात ‘हिनेच आणले’ असे म्हटले जाते, आणि तो गप्प बसतो. सांगण्याच्या कर्तव्याची जी बाजू आम्हांस सर्वांत कठोर वाटते ती हीच. समाजाने त्याला गप्प बसविले हे खरे, पण त्याच्या गप्प बसण्याची शिक्षा तिने भोगली, हेही तितकेच खरे. एका अन्यायाने दुसऱ्याचा हिशेब फिटत नाही.

२०१७ सालचा एच.आय.व्ही. व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, तो या सर्व अनुभवांतून शिकलेला दिसतो. संमतीवाचून चाचणी करू नये, संमतीवाचून कोणाची लागण उघड करू नये, नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांत भेदभाव करू नये. ज्याला लागण आहे आणि समुपदेशन मिळाले आहे त्याने जोडीदारास लागण होऊ नये म्हणून योग्य ती काळजी घ्यावी, आणि तीत आधी सांगणे हेही येते. तो सांगत नसेल आणि जोडीदाराला खरोखर धोका असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदारास सांगू शकतात. परंतु त्याआधी रोग्याला समजावले पाहिजे, आपण सांगणार आहोत हे त्याला कळविले पाहिजे, आणि सांगावयाचे ते समक्ष भेटून, धीर देऊन. सांगितल्यामुळे विशेषतः स्त्रीला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी भीती असेल तर सांगू नये, अशीही तरतूद आहे. डेन्व्हरच्या कागदावरची दोन कलमे ३४ वर्षांनी आमच्या कायद्यात पुन्हा शेजारी बसली.

२०२३ सालच्या अनुमानानुसार देशात सुमारे २५ लाख लोक हा विषाणू घेऊन जगत आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा आहे, जवळजवळ चार लाख. सरकारी दवाखान्यात चाचणी मोफत होते, नाव बाहेर जात नाही, आणि १०९७ या क्रमांकावर फोन करून मराठीत विचारता येते. तरी गोळ्यांसाठी जवळचे केंद्र टाळून परजिल्ह्यातील केंद्रात नाव घालणारे लोक जागोजाग आहेत. यवतमाळला केंद्र आहे, पण शंभरएक किलोमीटरच्या वाटेवर आणि रांगेत ओळखीचा मनुष्य भेटेल ही धास्ती असते. म्हणून एक दिवसाची मजुरी बुडवून आणि जास्तीचे भाडे भरून मनुष्य तेथे जातो जेथे त्याला कोणी ओळखत नाही. एखादा हप्ता चुकतो, त्या महिन्यात गोळी चुकते, आणि दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढतो. ते भाडे कोणत्याच खात्याच्या हिशेबात येत नाही.